थाळीमाशाला अंगारा

मुलांनो, थोडं माझ्याबरोबर चला. डोळे मिटले तरी चालतील, कान मात्र उघडे ठेवा. समजा, साल एकोणीसशे बहात्तर आहे. संक्रांत नुकतीच झाली आहे. तुम्ही देवळाली प्रवरेच्या पेठेत, उत्तमरावांच्या कापडदुकानासमोर उभे आहात आणि तुम्हाला काहीही दिसत नाही, कारण पुढे माणसंच माणसं आहेत. कुणाच्या कोपराखालून शिरा, कुणाच्या धोतराला घासून पुढे सरका. अजून थोडं. हं, दिसली काचेची पेटी?

पेटीत पाणी आहे आणि पाण्यात एकच मासा. आपल्या नदीत मिळतो तसा लांबोडका नव्हे. छोटी ताटली उभी धरावी तसा गोल आणि चपटा. उत्तमरावांचा धाकटा भाऊ काकासाहेब मुंबईच्या गोदीत कामाला होता, त्यानं ही पेटी एसटीच्या टपावरून आणि मासा मांडीवरच्या डब्यातून आणला होता. तिकडच्या दुकानदारानं माशाचं नाव डिस्कस असं सांगितलं. देवळालीनं ते एकदा ऐकून घेतलं आणि त्याला थाळीमासा म्हणायला सुरुवात केली. एरवी तो पिकल्या संत्र्याच्या रंगाचा, अंगावर निळ्या नागमोडी रेघा. आज तो काळपट पडला आहे. कोपऱ्यात तोंड खुपसून, एका अंगावर कलून उभा आहे, आणि त्याचे कल्ले धापा टाकल्यासारखे भराभर उघडमीट करताहेत.

"अलख निरंजन!"

दचकू नका. हे अंगारनाथ महाराज. कालव्याकाठी धुनी पेटवून बसले होते, थाळीमाशाची कीर्ती ऐकून पेठेत आले. कपाळभर राख, गळ्यात बोराएवढ्या मण्यांच्या माळा, आणि आवाज असा की गिऱ्हाइकाला बोलवायला ठेवलं असतं तर दुकान दुप्पट चाललं असतं.

"कापड कुनाचं?" महाराजांनी पांढऱ्या मलमलीचा तुकडा उंच धरला.

"दुकानाचं!" गर्दी ओरडली.

"त्याला चोळलेली हळद?"

"उत्तमरावाच्या घरची!"

"पानी?"

"पेटीतलं!"

"मंग माझं काय हाय यात?"

"कायबी न्हाई महाराज!"

"फकस्त कृपा!" महाराज म्हणाले. ही कृपा त्यांच्या झोळीत मावत असे. झोळीत अंगारा होता.

"बाई, तू ये म्होरं." त्यांचं बोट उत्तमरावांच्या बहिणीकडे वळलं. मनकर्णा दाराआड उभी होती, पुढे आली. "माशाला खाऊ कोन घालतं?"

"मीच घालते."

"घे वाटी. तुझ्या हातानं पानी काढ."

मनकर्णेनं पेटीतून वाटीभर पाणी काढलं. महाराजांनी काहीतरी पुटपुटत त्यात चिमूटभर अंगारा सोडला, वाटी हलवली आणि मलमलीचा पिवळा तुकडा त्यात बुडवला. वर काढला तेव्हा तो लालभडक झाला होता.

"रगात!" शेजारच्या भामाबाई किंचाळल्या. "अगं माय, रगात!"

मागची माणसं पुढे रेटली, पुढची मागे सरली. कुणी हात जोडले, कुणाच्या कडेवरचं पोर रडायला लागलं.

"हळद सवाष्णीची असती," महाराज गरजले. "विधवेचा हात लागला, हळदीचं रगात झालं! मच्छिंद्र रगात रडतोय या घरात!" मग आवाज एकदम खाली आणून, जणू उत्तमरावांच्या कानात सांगताहेत पण साऱ्या पेठेला ऐकू जावं असे म्हणाले, "आता बघ. ही घराबाहेर गेली, तर काय हुईल?" त्यांनी लिंबू कापलं, त्या लाल कापडावर पिळलं. जिथे जिथे थेंब पडला तिथे तिथे लाल जाऊन पुन्हा पिवळं उमटलं.

"शांत झाला! मच्छिंद्र शांत झाला!"

निकाल लागला. उद्या दुपारच्या यष्टीनं मनकर्णेला खर्ड्याला, तिच्या सासरी, पोचवायचं. नाहीतर मासा जाईल, आणि माशामागं घर जाईल.

आता थोडं बाहेर या, मोकळ्यावर. तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या.

पहिली मच्छिंद्रनाथांची. आपल्या नगर जिल्ह्यात नवनाथांची कथा घरोघर वाचतात. मच्छिंद्रनाथ माशाच्या पोटी जन्मले, हे तिथल्या पाळण्यातल्या पोरालाही माहीत. म्हणून थंडीत वीज गेली, पाणी गरम ठेवणारी काचेची नळी बंद पडली आणि मासा गारठून काळा पडला, तेव्हा कुणी म्हणालं नाही की माशाला थंडी वाजते. भामाबाई म्हणाल्या, "नाथांचा कोप झालाया." मग महाराज आले, अंगारा वाटू लागले, आणि जो येईल तो पेटीत त्याची चिमूट टाकून जाऊ लागला. सकाळी टाकत, संध्याकाळी टाकत. फक्त मनकर्णेनं एकदा सगळ्यांदेखत विचारलं होतं, "महाराज, नाथांची पोथी मीबी ऐकते. पर जित्या माशाच्या तोंडात राख घाला, असं पोथीत कुठं हाय?" महाराज तेव्हा नुसते हसले होते. हसण्याचा अर्थ आता कळला.

दुसरी गोष्ट खर्ड्याची. नवरा वारल्यावर सासरच्यांनी मनकर्णेला गोठ्यात झोपवलं होतं. तिथेच तिला भाकरी मिळायची, उरली तर. काकासाहेब भेटायला गेला आणि तिला तशीच घेऊन आला. उत्तमरावांची मुलगी विजयमाला तेव्हा लहान होती, पण आत्याच्या हाडं वर आलेल्या मनगटांची तिला आठवण होती. आत्या गेली तर पुन्हा त्या गोठ्यात जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या दुपारी विजयमालाचा पाय घरात ठरेना. पेटीपाशी जाई, परत येई. अंगणात जाई, परत येई. पेटीला हात लावायला महाराजांची बंदी होती.

"दादा, आत्याला नका ना पाठवू."

"गप बस." उत्तमराव कापडाचं एकच ठाण उलगडत होते आणि तेच गुंडाळत होते.

"पर दादा..."

"गप बस म्हनलं ना! मासा मेला तर? उद्या तुला काय झालं तर? मी काय करू?"

उत्तमराव दुष्ट नव्हते हो. भ्यालेले होते. भ्यालेला माणूस आपल्याच बहिणीचं बोचकं बांधायला दोरी शोधतो.

विजयमाला मागच्या अंगणात गेली. आत्या धुण्याच्या दगडापाशी बसून तिचाच परकर धूत होती. आदल्या दिवशी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या धांदलीत त्यावर हळद सांडली होती.

"असू दे ना आत्या. तू चाललीस, आन माझा परकर कसला धुतेस?"

"हात रिकामे ठेवले की रडू येतं, विजू." आत्यानं डागावर साबणाची वडी घासली.

विजयमाला पाहत राहिली. मग ताडकन उठून उभी राहिली.

"आत्या! रगात!"

"कुठं?" आत्या घाबरली.

"परकरावर! हे बघ, लाल झालं!"

"आगं भवाने, जीव घेतलास माझा. साबन लागला की हळद लाल हुतीच. उन्हात टाकला की डाग जाईल."

"हुतीच?"

"हुतीच की. सगळ्या बायांला ठावं हाय."

ऐका हं मुलांनो. सगळ्या बायकांना ठाऊक होतं. धुण्याच्या दगडावर रोज पाहिलेलं होतं. आणि त्याच बायका सकाळी दुकानासमोर रगात, रगात म्हणून थरथरत होत्या. धुण्याच्या दगडावर दिसलं की तो डाग, आणि महाराजांच्या हातात दिसलं की तो चमत्कार! माणसाचं असं होतं खरं. ठाऊक असलेली गोष्ट आपण घरी ठेवतो आणि गर्दीत रिकाम्या डोक्यानं जातो.

"आत्या, महाराजांनी साबन कुठं घातला हुता? कापड आपलं, हळद आपली, पानी आपलं..." विजयमाला बोटांवर मोजत पुटपुटत होती. "त्यांचं काय हुतं?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"अंगारा," आत्या हळूच म्हणाली.

देव्हाऱ्यात महाराजांनी दिलेली अंगाऱ्याची पुडी होती. विजयमालानं माठातलं पाणी वाटीत घेतलं, हळदीची चिंधी बुडवली. चिंधी पिवळीच. पाण्यात चिमूटभर अंगारा टाकला, चिंधी पुन्हा बुडवली. चिंधी लाल! ना थाळीमासा, ना विधवेचा हात. तिनं फडताळातलं लिंबू आणून पिळलं. पिवळी!

"आत्या, आनखी कुनाच्या हातचं पानी त्यांनी बघितलंच न्हाई!" ती नाचायलाच लागली. "फकस्त तुझं बघितलं!"

आत्या मात्र हसली नाही. ती पुडीतली राख दोन बोटांत चोळत होती. "बुळबुळतीया. चुना हाय गं यात. भांडी घासून घासून या राखेनं माझे हात सोलतात, विजू. आन ही त्या मुक्या जिवाच्या कल्ल्यात चाललीया." तिनं बोटांवरची राख झटकली. "मासा माझ्यामुळं न्हाई मरत. अंगाऱ्यानं मरतोय."

विजयमाला धावत दुकानात गेली, सगळं धडाधडा सांगितलं. उत्तमरावांनी ऐकलं, पुन्हा तेच ठाण उलगडलं आणि म्हणाले, "देवाची चेष्टा नगं." पण गल्ल्यामागच्या दारात तिची आई, मालनबाई, उभी होती.  तिनं आत जाऊन ती वाटी पाहिली, चिंधी पाहिली, आणि स्वतः पुन्हा एकदा करून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेठेत कालच्याहून मोठी गर्दी. पुणतांब्याहूनही कुणीकुणी आलं होतं. आत्याचं बोचकं उंबऱ्यात तयार. मासा आता तळाला टेकला होता, त्याच्या पाठीचा पर अंगाला चिकटला होता. विजयमाला एकदा त्याच्याकडे बघे, एकदा रस्त्याकडे. दुपारची यष्टी यायला अजून अवकाश होता, पण तिला उगाच हॉर्न ऐकू येत होता.

महाराजांनी पुन्हा सुरुवात केली. "कापड कुनाचं?"

"दुकानाचं!"

"हळद कुनाची?"

"महाराज, आज माझ्या हातचं पानी बघा." मालनबाई पुढे आली. डोक्यावर पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात पाण्यानं भरलेली वाटी.

महाराज क्षणभर अडखळले. "माय, तुला गरज न्हाई. तू सवाष्ण हायेस."

"म्हनून तर बघा. माझ्या हातानं हळद पिवळीच राहील न्हवं?"

गर्दीला हे पटलं. "बघा महाराज, बघा!" मागून आवाज उठले. गर्दी मोठी गमतीची असते. जिच्या जोरावर महाराज उभे होते, तीच आता त्यांना ढकलत होती. त्यांनी झोळीत हात घातला, पण विजयमालाची चिमूट आधीच तयार होती. "तुमचाच अंगारा हाय महाराज, कालच्या पुडीतला," ती म्हणाली आणि तो वाटीत सोडला. आईनं चिंधी बुडवली.

लाल.

"अरं देवा, मालनबाईच्याबी हातानं!" कुणीतरी ओरडलं. उत्तमराव पांढरेफटक पडले. आणि महाराजांचा चेहरा एकदम खुलला.

"बघितलं? सावली पसरली! त्या रांडमुंड बाईची सावली या सवाष्णीवर..."

"महाराज, तुमचा कमंडलू द्या," विजयमाला म्हणाली.

"काय?"

"तुमच्या हातचं पानी. तुमच्यावर तर कुनाची सावली पडत न्हाई ना?"

"पोरी, कमंडलूला बाईमानसाचा हात..."

"मी न्हाई लावत हात. तुमीच वता."

विजयमालानं दुसरी, कोरडी वाटी पुढे ठेवली. कमंडलू महाराजांच्या हातात, वाटी त्यांच्या समोर. ओतलं तरी पंचाईत, न ओतलं तरी पंचाईत. गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "वता की महाराज. पोरीचं तोंड बंद करा एकदाचं." महाराजांनी ओतलं. विजयमालानं आधी हळदीची नवी चिंधी त्यात बुडवून सगळ्यांना दाखवली: पिवळी. मग चिमूटभर अंगारा टाकून पुन्हा बुडवली, आणि हात वर केला.

लाल. कालच्याहून लाल!

"महाराज," ती चिंधी त्यांच्यापुढे धरून म्हणाली, "तुमच्या कमंडलूतबी रगात?"

आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग ते हसू गर्दीभर पसरलं. विजयमालानं साबणाची वडी दुसऱ्या चिंधीवर घासून दाखवली, लिंबू पिळून दाखवलं. भामाबाईंनी चिंधी जवळ नेऊन पाहिली, हुंगली आणि म्हणाल्या, "आगं बया! ह्ये तर धुन्याचं हाय!"

महाराजांनी झोळी खांद्यावर टाकली. "कालव्यावर जाऊन येतो," एवढंच म्हणाले. कालवा बराच लांब असावा, कारण ते परत आले नाहीत.

 उत्तमराव उंबऱ्यात गेले, बोचकं उचललं.  ते बोचकं घेऊन आतल्या खोलीत गेले, खाली बसले आणि गाठ सोडू लागले. गाठ घट्ट बसली होती. त्यांना ती सुटेना, तेव्हा मनकर्णाच शेजारी येऊन बसली.

"सरक दादा," ती म्हणाली, "तुला गाठ बांधता येती, सोडता येत न्हाई."

यात जादू काय होती, ते सांगतो. राख, चुना, सोडा, साबण यांच्यात एक समान गुण असतो. शास्त्रात अशा पदार्थांना अल्क म्हणतात, घरी आपण खार म्हणतो. हळदीला अल्क भेटला की ती लाल होते. लिंबातलं आम्ल भेटलं की पुन्हा पिवळी. कुंकू करणारे हळदीवर चुना किंवा पापडखार घालतात ते याचसाठी. म्हणजे ज्या कुंकवाला सौभाग्य म्हणायचं आणि ज्या डागाला विधवेचं पाप म्हणायचं, ती एकच हळद आणि एकच खार! हळदीला सवाष्ण कळत नाही, विधवा कळत नाही, महाराजही कळत नाहीत. तिला फक्त खार कळतो. आणि माशालाही तोच कळला होता. हा मासा कोमट, नितळ, मऊ पाण्याचा. आधी थंडीनं गारठला, मग राखेनं त्याचे कल्ले जाळले, आणि भोवती दिवसभर आरडाओरडा. त्यानं काळं पडू नये तर काय करावं? घाबरला, आजारी पडला की हा मासा काळवंडतोच.

मुलांनो, कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: यात आपलं काय आणि त्याचं काय? एकाच्याच हातानं का, दुसऱ्याच्या हातानं काय होतं? आणि ज्या चमत्काराचं बिल एखाद्या गरीब, एकट्या माणसाला भरावं लागतं, तिथे तर दुप्पट विचारा. देव मानणाऱ्यानंही विचारावं. मनकर्णेनं पोथी सोडली नव्हती, तरी विचारलं होतं.

मासा लगेच बरा झाला नाही. आजार महाराजांसारखा कालव्यावर निघून जात नाही. काकासाहेबानं सांगून ठेवलं होतं, सगळं पाणी एकदम बदलायचं नाही, माशाला झटका बसतो. म्हणून विजयमाला आणि आत्या रोज थोडं राखेचं पाणी काढत, आणि आदल्या दिवशी भरून, फडक्यानं गाळून, कोमट केलेलं पाणी हळूहळू ओतत. वीज गेली की गरम पाण्याच्या बाटल्या पेटीत सोडत. पेटीला जुन्या चादरीचा पडदा लावला. मासा खात नसे, तरी गांडुळाचा बारीक तुकडा रोज त्याच्यासमोर धरायचा, न खाल्लेला काढून टाकायचा. विजयमाला पडदा सारून सारून बघे, आत्या तिला रागवे, आणि मग स्वतःच बघे. असं कितीतरी दिवस. मग एका सकाळी आत्याच्या बोटांतला तुकडा गायब झाला, आणि माशाच्या कडेला नारिंगी रंगाची बारीक किनार दिसली.

बातमी पेठेत पसरायला वेळ लागला नाही. दुपारीच भामाबाई नारळ घेऊन आल्या.

"कुठं हाय आमची देवी? विजयमालाच्या अंगात नाथ आल्यात म्हनत्यात समदी. पोरीनं मेला मासा जिता केला! ये बाई, पाया पडू दे मला."

त्या खरोखरच वाकल्या. विजयमालानं पटकन पाय मागे घेतले, कोपऱ्यातली रिकामी बादली उचलली आणि भामाबाईंच्या हातात दिली.

"पाया नका पडू, मावशी. कालव्याचं पानी आना. उद्याचं आजच भरून ठेवावं लागतं."